हेडफोनपलीकडची मुले

सांगलीच्या गावभागातून एका आईने पाठवलेल्या दीर्घ पत्रातला मुख्य भाग असा आहे:

"ताई, माझा मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. स्वभावाने पहिल्यापासून अबोल. गेली दोन वर्षे रात्री दहाला हेडफोन लावून बसतो आणि 'डोटा २' नावाचा गेम खेळतो. बरोबर चौघे ठरलेले असतात. दोघे फिलिपिन्सचे, एक इंडोनेशियाचा, एक मलेशियाचा. त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत आणि मला न कळणाऱ्या शब्दांत बोलतो, खळखळून हसतो. आमच्याशी मात्र जेवणापुरते बोलणे. मागे त्यांच्यातल्या एकाच्या गावी, सेबूला, वादळ आले तेव्हा हा दोन रात्री झोपला नाही. माझा थोरला भाऊ वारला तेव्हा याच्या डोळ्यात पाणी आले नव्हते. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले, तेव्हाही हा अकरा वर्षांचा पोर गप्पच होता. त्या चौघांतला एक सत्तावीस वर्षांचा आहे असे कळल्यापासून यांनी इंटरनेट तोडायचे ठरवले आहे. दीर म्हणतात, सरकारने गेमवर बंदीच घातली आहे, उद्या तक्रार होईल. कधी न भेटलेल्या, परक्या देशांतल्या, वेगळ्या धर्मांच्या मुलांशी झालेली मैत्री खरी असते का? की माझे पोर फसले आहे?"

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकीच्या मजकुरात तुमचे मन लागणार नाही. ही मैत्री खरी आहे. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून तुमचा मुलगा फसलेला दिसत नाही आणि इंटरनेट तोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही तुमच्या काळजीतला काही भाग अगदी रास्त आहे आणि त्याबद्दल घरात बरेच काही करता येण्यासारखे आहे.

दिरांची शंका आधी मिटवून टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्स, म्हणजे अशा खेळांच्या स्पर्धा, आणि निव्वळ मनोरंजनाचे खेळ त्या कायद्याने वेगळे धरले आहेत. 'डोटा २' मध्ये पैसे लावून डाव मांडला जात नाही, त्यामुळे तुमच्या घरी कोणी तक्रार घेऊन येणार नाही.

आता हे चौघे त्याच्या आयुष्यात आले कसे, ते सांगते, कारण ते कळले की अर्धी धास्ती कमी होते. हा खेळ पाच विरुद्ध पाच असा असतो आणि तो ज्या संगणकावर चालतो, म्हणजे ज्याला मुले 'सर्व्हर' म्हणतात, तो जितका जवळ तितका खेळ न अडखळता चालतो. भारतासाठी सर्व्हर असला, तरी आपल्याकडची बरीच मुले सिंगापूरचा सर्व्हर निवडतात, कारण तिथे कोणत्याही वेळी जोडीदार लवकर मिळतात. त्या सर्व्हरवर मनिला, सेबू, सुराबाया, पेनांग अशा शहरांतली मुले असतात. म्हणजे तुमच्या मुलाने परदेशी मित्र शोधायला म्हणून पाऊल टाकलेले नाही. क्रिकेटला गडी कमी पडला म्हणून शेजारच्या गल्लीतला पोरगा बोलावतात, तसे हे जमले, फक्त इथे शेजारची गल्ली समुद्रापलीकडे आहे. एकदा सूर जुळला की तेच पाचजण पुन्हा पुन्हा एकत्र खेळू लागतात. सूर जुळतो म्हणजे काय, तर कोणी पुढे जायचे, कोणी मागे राहून साथ द्यायची, हरत आलेल्या डावात कोणी न चिडता बोलत राहायचे, हे न सांगता कळू लागते.

भाषेची अडचण खेळ तयार करणाऱ्यांनाही ठाऊक असते. या खेळात काही ठरावीक वाक्ये बोटाच्या एका हालचालीने पाठवता येतात आणि ती ज्याला मिळतात त्याला त्याच्या खेळाच्या भाषेत दिसतात. २००२ साली जपानमध्ये सुरू झालेल्या 'फायनल फँटसी ११' या खेळात जपानी आणि अमेरिकी खेळाडू एकाच जगात वावरत असत आणि त्यांच्यासाठी शब्द आपोआप भाषांतरित करणारा कोशच खेळात दिलेला होता. पण माणसे तेवढ्यावर थांबत नाहीत. ती एकमेकांचे हसणे शिकतात. थायलंडची मुले हसू आले की ५५५ असा आकडा लिहितात, कारण त्यांच्या भाषेत पाचाचा उच्चार 'हा' असा होतो. इंडोनेशियाची मुले 'डब्ल्यू' आणि 'के' ही अक्षरे एकाआड एक लिहीत जातात. रशियन मुले नुसते कंस मिटत जातात, एकापुढे एक. तुमच्या मुलाला विचारा, तो तुम्हाला असे पाच-सहा देशांचे हसणे लिहून दाखवील आणि मला वाटते, ते दाखवताना तो तुमच्याशी बऱ्याच दिवसांनी जेवणापलीकडचे काही बोलेल.

तुम्हाला न कळणारे ते शब्दही त्याला विचारा. त्यात 'कुया' हा शब्द नक्की असेल. फिलिपिनो मुले वयाने मोठ्या मुलाला नावाने हाक मारीत नाहीत, 'कुया' म्हणतात, म्हणजे आपला दादा. मोठ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' हा एक छोटा शब्द घालतात, आपण 'अहो' म्हणतो त्या मानाचा. इंडोनेशियात 'दादा' साठी 'आबांग' किंवा नुसते 'बांग' चालते. तिकडे भाषेला 'बहासा' म्हणतात, गुरूला 'गुरु'च म्हणतात, आणि भावंडासाठी असलेला 'सौदारा' हा शब्द आपल्या 'सोदर', 'सहोदर' या शब्दांच्याच कुळातला आहे. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागला की नाताळची गाणी वाजू लागतात, जशी आपल्याकडे श्रावण संपत आला की गणपतीची लगबग सुरू होते. रमजानच्या महिन्यात इंडोनेशियातली बरीच मुले पहाटेच्या सहेरीसाठी खेळ लवकर आटोपतात. ज्यांच्याशी रोज खेळायचे त्यांच्या जेवणाच्या, प्रार्थनेच्या, सणाच्या वेळा मुलांना आपोआप पाठ होतात. 'वेगळ्या धर्मांची मुले' असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या मुलाला ते वेगळेपण वेळापत्रकासारखे ठाऊक असणार, भीतीसारखे नव्हे, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता सेबूच्या वादळाबद्दल. तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि गप्प होता. सेबूला पाणी आले तेव्हा तो दोन रात्री झोपला नाही. घरात पाणी शिरते म्हणजे काय होते, वीज गेली की फोनची बॅटरी किती वेळ पुरते, वरच्या मजल्यावर बसून पायऱ्या मोजताना कसे वाटते, हे त्याला माहीत होते. परक्या देशातल्या मुलासाठी तो जागला असे तुम्हाला वाटते, पण त्याच्यापुरते ते परके नव्हतेच, ते आपल्याच घरात घडून गेलेले होते. कदाचित पुराबद्दल तो पहिल्यांदा कोणाशी मोकळेपणी बोलला असेल, तर त्या मुलाशी. हे मी ठामपणे सांगू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक विचार मांडला होता, तो इथे उपयोगी आहे. वेगवेगळ्या समाजांतली माणसे नुसती एकत्र आणली तर त्यांच्यातले पूर्वग्रह कमी होतातच असे नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंचा दर्जा बरोबरीचा असावा लागतो, ध्येय एक असावे लागते, ते गाठायला एकमेकांच्या मदतीवाचून गत्यंतर नसावे लागते आणि नियम चालवणाऱ्यांचा या सगळ्याला पाठिंबा असावा लागतो. पाचजणांच्या ठरलेल्या टीममध्ये पहिल्या तिन्ही गोष्टी असतात. कोणाचे घर मोठे, कोणाचे इंग्रजी चांगले, कोण कोणत्या जातीचा, याला तिथे किंमत नसते. एक चुकला तर पाचही हरतात.

चौथ्या गोष्टीची मात्र खात्री देता येत नाही आणि इथे तुमची काळजी रास्त आहे. त्याच सर्व्हरवर, अनोळखी पाचजण चाळीस मिनिटांपुरते एकत्र टाकले जातात तेव्हा, हरण्याचे खापर देशावर फुटते. भारतीय उच्चार ऐकून टर उडवणारे भेटतात, आणि आपली मुलेही फिलिपिनो मुलांना देशावरून शिव्या देतात, हेही तितकेच खरे आहे. मुलींना तर आवाज ऐकू आला की इतके काही ऐकावे लागते की अनेकजणी माइकच बंद ठेवतात. खेळात अशा माणसाला म्यूट करण्याची आणि त्याची तक्रार नोंदवण्याची सोय असते, पण ती वापरायची सवय मुलाला लागली आहे का आणि स्वतःच्या तोंडून काय जाते, हे घरच्यांनी विचारायला हवे. तुमच्या मुलाला ठरलेले चौघे मिळाले, हे यामुळेच नशीब म्हणायचे.

तुम्ही विचारले आहे की न भेटता मैत्री खरी कशी. नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा एक तरुण होता. त्याला स्नायू झिजवत नेणारा डुशेन नावाचा आजार होता, त्यामुळे तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता आणि आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत त्याने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात हजारो तास घालवले. त्याच्या आईवडिलांना त्याचे फार दुःख होत असे, कारण त्यांना वाटे, आपल्या मुलाला मित्र नाहीत, प्रेम नाही, तो कोणाच्या उपयोगी पडला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल दिला. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. खेळात तो 'इबेलिन' या नावाने ओळखला जाई. त्याच्या गटातल्या एका आईला, तिच्या स्वमग्न मुलाशी जवळीक कशी साधावी, हे त्यानेच समजावले होते. किती जणांनी आपले दुखणे-खुपणे त्याच्यापाशी सांगितले होते. ऑस्लोमध्ये त्याच्या अंत्यविधीला गटातले मित्र दुसऱ्या देशांतून प्रवास करून आले आणि शवपेटीवर त्यांच्या गटाचा ध्वज घातला गेला. हे वाचताना मला त्या आईवडिलांचे फार वाईट वाटले. त्यांनी मुलाची सेवा करण्यात काही कमी ठेवले नव्हते. पण त्याचे मित्र कोण, हे त्यांना तो गेल्यावर कळले. तुमच्या हातात वेळ आहे.

माझ्या पिढीत पत्रमैत्री होती. मी शाळेत असताना स्वीडनमधल्या एका मुलीशी माझा पत्रव्यवहार होता आणि तिचे पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत. तिला मी कधी पाहिले नाही, पण माझ्या आईला तिच्याबद्दल कधी शंका आली नाही. आता विचार करते तेव्हा कारण कळते. पोस्टमन पाकीट आईच्याच हातात देत असे, तिकीट कापून घ्यायला धाकटा भाऊ टपून बसलेला असे, पत्र सगळ्यांसमोर वाचले जाई. ती मैत्री घराच्या दारातून आत येत होती. तुमच्या मुलाची मैत्री हेडफोनमधून थेट त्याच्या कानात उतरते, घराला तिचा पत्ताच लागत नाही. दोष मैत्रीत नाही, वाटेत आहे. म्हणून ती तोडायची नाही, तिला दारातून आत आणायचे आहे.

कसे, ते सांगते. एखाद्या शनिवारी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा. जाब विचारायला आल्यासारखे नको, शिकायला म्हणून बसा. एक हेडफोन तुम्हाला दे म्हणावे किंवा आवाज स्पीकरवर लाव म्हणावे. एक संपूर्ण मॅच पाहा. ती साधारण पाऊण तासाची असते आणि मध्येच सोडून उठता येत नाही, कारण उठणाऱ्याला खेळाकडून शिक्षा होते आणि उरलेले चौघे हरतात. तुम्ही जेवायला हाक मारता आणि तो 'पाच मिनिटे' म्हणून अर्धा तास येत नाही, त्यावरून घरात होणाऱ्या भांडणाचे मूळ इथे आहे. मिनिटांवर भांडू नका, मॅचच्या संख्येवर ठरवा. आठवड्याच्या दिवशी एक, शनिवारी दोन किंवा तीन, आणि शेवटची मॅच सुरू करायची वेळही ठरलेली. फिलिपिन्सचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. त्यांनाही सकाळी उठायचेच असते. संध्याकाळी लवकर खेळण्याची वेळ पाचजणांनी मिळून ठरवली, तर बारावीच्या वर्षात तुमच्या मुलाची झोप वाचेल आणि त्यांचीही.

सत्तावीस वर्षांच्या त्या मुलाबद्दल तुमच्या यजमानांना वाटलेली काळजी मी हलक्यात घेत नाही. अशा गटांत वयाचे अंतर असते आणि बहुतेक वेळा ते थोरल्या भावासारखेच असते, पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळा नव्हे. मुलाला काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा. बोलणे गटात, सगळ्यांसमोर असावे. कोणी त्याला एकट्याला बाजूला बोलावून बोलू लागले, फोटो मागितले, घरच्यांना सांगू नकोस म्हणाले, तर त्याच क्षणी तुम्हाला सांगायचे आणि त्याबद्दल त्याला ओरडा बसणार नाही, हे वचन तुम्ही पाळायचे. घराचा पत्ता, कॉलेजचे नाव, ओटीपी, बँकेचा कोणताही तपशील कोणालाही द्यायचा नाही. खेळातल्या पात्रांचे पोशाख विकत मिळतात आणि त्यांची देवाणघेवाणही चालते. त्या देवाणघेवाणीच्या निमित्ताने फसवणाऱ्या खोट्या लिंक फिरतात, हे त्याला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी एकदा विचारा. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे. आणि तुमच्या यजमानांनीही त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाशी एकदा मुलाच्या उपस्थितीत बोलावे. सरळ माणूस असेल तर वडील बोलायला आले याचा त्याला आनंदच होईल.

व्यसनाचे भय तुम्ही लिहिलेले नाही, पण ओळींमधून ते जाणवते. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळच सुचणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, आणि हे साधारण वर्षभर चालू राहून अभ्यास, नाती, तब्येत यांची वाताहत होणे, असे चित्र दिसले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार मानते. तुमचा मुलगा कॉलेजला जातो, जेवतो, दुसऱ्याच्या दुःखाने जागा राहतो. मला तो आजारी वाटत नाही. खरी उणीव वेगळीच आहे. हे चौघे कितीही जिवाभावाचे असले, तरी तापाने फणफणला तर डबा घेऊन येऊ शकत नाहीत. त्याला सांगलीतही कोणीतरी हवे. पण ते हे मित्र काढून घेऊन मिळणार नाही. तीन देशांच्या मुलांशी सूर जुळवणाऱ्या मुलाला इथेही सूर जुळवता येईल, जर त्याला घरात सारखे 'अबोल, अबोल' म्हटले गेले नाही तर.

आता तुमच्या थोरल्या भावाबद्दल. मामा गेले तेव्हा तो रडला नाही, हे तुमच्या मनाला लागले आहे आणि सेबूसाठी तो जागला हे त्यावर मीठ चोळल्यासारखे झाले आहे. माणसांनी भरलेल्या घरात, पाहुण्यांच्या नजरांसमोर, सतरा वर्षांच्या मुलाला रडता येत नाही. त्या रात्री तो खेळायला बसला होता का, आठवून पाहा. बसला असेल तर त्याने ते त्या चौघांना सांगितले असण्याची शक्यता बरीच आहे, आणि सुराबायाच्या किंवा पेनांगच्या एखाद्या मुलाला तुमच्या भावाचे नाव माहीत असेल. हे विचारताना आवाजात तक्रार येऊ देऊ नका. 'मामांबद्दल तू त्यांना काही सांगितले होतेस का रे?' एवढेच विचारा आणि थांबा.

शनिवारी त्या मुलांशी काय बोलावे, अशी अडचण तुम्हाला पडेल, कारण इंग्रजीची भीती वाटते असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. इंग्रजी लागणार नाही. फिलिपिन्समध्ये घरी आलेल्या माणसाला, भेटलेल्या मित्राला, फोनवर लेकराला सगळ्यात आधी विचारतात, 'कुमाइन का ना?' इंडोनेशियात आणि मलेशियात विचारतात, 'सुदाह माकान?' दोन्हींचा अर्थ एकच आहे: जेवलास का? हे वाक्य तुम्हाला शिकवावे लागणार नाही. फक्त उच्चार मुलाकडून घोटून घ्या, आणि मॅच संपेपर्यंत थांबा.

तुमची,
ताई